कळवतो म्हटले, तर कळवावे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



अस्सलामु अलैकुम.

माझ्या विषयाची सुरुवात या सलामापासूनच होते. लहानपणी आपणा सर्वांना शिकविले गेले आहे की, सलाम करणे सुन्नत आहे, पण सलामाचे उत्तर देणे वाजिब आहे. म्हणजे उत्तर देणाऱ्यावरची जबाबदारी ही आधी बोलणाऱ्यापेक्षा मोठी आहे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या सलामालाही आपण उत्तर देतो. मग जो तरुण आपली प्रमाणपत्रे पिशवीत घालून, पहाटेच्या एस.टी.ने आपल्या दारी येतो, आपण विचाराल त्या प्रश्नांची उत्तरे देतो आणि "कळवतो" हा आपला शब्द घेऊन परत जातो, त्याला आपण उत्तर का देत नाही? एवढा एकच प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २०१३ साली मी बी.ए., बी.एड. होऊन बसलो होतो. शेजारच्या जिल्ह्यातील एका शाळेची जाहिरात पाहून अर्ज केला. मुलाखतीला बोलावणे आले. आठवीच्या वर्गावर इतिहासाचा एक पाठ घ्यावयास लावला. पाठ बरा झाला असावा, कारण वर्गाबाहेर आल्यावर तेथील एका वृद्ध शिक्षकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. संस्थेच्या सचिवांनी सांगितले, "आठ दिवसांत कळवतो."

घरी आल्यावर अब्बांना ते सांगितले. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी दुकानात येणाऱ्या चार लोकांना सांगितले. त्याच आठवड्यात गावातील एका खाजगी शिकवणीवर्गाने मला दरमहा चार हजार रुपयांवर बोलावले होते. मी त्यांना म्हणालो, "आठ दिवस थांबा." आठ दिवस झाले, महिना झाला. शिकवणीवर्गाने दुसरा माणूस घेतला. शाळेला फोन केला तर "साहेब बैठकीत आहेत" एवढेच उत्तर येई. तिसऱ्या महिन्यात पुसदच्या बस स्थानकावर मला त्या दिवशीचा एक सहउमेदवार भेटला. ती जागा मुलाखतीच्या आठवड्यातच भरली गेली होती, हे मला त्याच्याकडून कळले.

वाचकहो, नोकरी न मिळाल्याचे दुःख मला नव्हते असे नाही. पण ते चार दिवसांचे होते. खरा त्रास झाला तो तीन महिन्यांचा. दुकानात कोणी "मुलाचे काय झाले?" असे विचारले की अब्बा माझ्याकडे पाहत, आणि मी मोबाईलकडे पाहत असे. नकार मिळाला असता तर मी दुसऱ्या दिवशी शिकवणीवर्गाच्या पायऱ्या चढलो असतो.

येथपर्यंतची हकिगत ऐकून आपण त्या शाळेला नावे ठेवाल. थोडे थांबा, कारण पुढची हकिगत माझ्याच विरुद्ध आहे.

गेल्या वर्षी आम्हाला दोन शिक्षक हवे होते. अर्ज तपासण्याचे आणि उमेदवारांना बसवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. उमरखेड, दिग्रस, महागाव, दारव्हा अशा ठिकाणांहून सतरा उमेदवार आले. काहींच्या बरोबर त्यांचे वडील होते. सर्वांना चहा दिला आणि निघताना मी प्रत्येकाला म्हणालो, "कळवतो." दोघांची निवड झाली. त्यांना नेमणुकीची पत्रे गेली. फाईल कपाटात गेली. उरलेल्या पंधरा जणांची आठवण मला राहिली नाही.

पाच महिन्यांनी त्याच बस स्थानकावर एक मुलगी आणि तिचे वडील भेटले. मुलगी म्हणाली, "सर, मी दिग्रसहून मुलाखतीला आली होती. माझं काही झालं का?" मी काही बोलायच्या आत तिचे वडील म्हणाले, "मास्तर, हिचा एक रिश्ता आम्ही थांबवून ठेवला होता. म्हटलं, पुसदला नोकरी लागली तर पोरगी जवळ राहील. शेवटी ते लोक कंटाळले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. बस स्थानकाच्या गर्दीत, उभ्या उभ्या, पाच महिन्यांनी, मी त्या मुलीला नकार सांगितला. २०१३ साली माझ्याशी जे झाले, तेच मी दुसऱ्याशी केले होते, आणि माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

असे का होते? दुष्टपणाने होते असे मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, म्हणून कारणे थोडीफार जाणतो.

पहिले कारण असे की, हे काम कोणाचेच नसते. निवडलेल्याला नेमणूकपत्र द्यावे लागते. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. तीत नेमणुकीच्या आदेशाचा नमुनासुद्धा दिला आहे. पण ज्याची निवड झाली नाही त्याला काय लिहावे, याचा नमुना कोणत्या फाईलीत सापडत नाही. ज्याचा नमुना नाही, ते पत्र कारकून लिहीत नाही.

दुसरे कारण, निवडलेला उमेदवार हजर होईपर्यंत बाकीच्यांना हातचे राखून ठेवावेसे वाटते. यात गैर काही नाही. पण राखून ठेवले आहे हे त्याला सांगितले पाहिजे. तिसरे कारण भीतीचे आहे. लेखी दिले तर तो कागद घेऊन कोणी वाद घालील, अशी धास्ती असते. चौथे, पुष्कळदा जागेचेच नक्की नसते. संचमान्यता व्हावयाची असते, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता यावयाची असते. आणि पाचवे कारण आपल्या स्वभावातले आहे. तोंडावर "नाही" म्हणावयाची आपल्याला भीड वाटते. म्हणून "कळवतो" या शब्दाचाच अर्थ हळूहळू "नाही" असा झाला आहे. पण तो अर्थ बोलणाऱ्याला ठाऊक असतो. ऐकणारा खेड्यावरून आलेला असतो, तो शब्द शब्दाप्रमाणेच घेतो.

आणि पहा, रिश्त्याच्या बाबतीत आपण असे वागत नाही. मुलगी पाहून आलेले लोक दोन जुम्मे उलटले तरी काही बोलले नाहीत, तर आपण मध्यस्थाला जाब विचारतो. नकार असला तरी तो शहाण्या माणसाच्या तोंडून, नरम शब्दांत पोहोचविण्याची रीत आपल्यात आहे. जी रीत घरात आहे ती कचेरीत का नसावी?

आता या तालुक्याच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्याला स्मरण करून देतो. वसंतराव नाईक हे आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. १९६३ ते १९७५ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्यांच्याच कारकिर्दीत राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली. तिच्यामागची कल्पना वि. स. पागे यांची. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्या कायद्यात असे होते की, ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांच्या आत त्याला काम द्यावे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. भत्ता लहान होता, रोज किमान एक रुपया. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही तीच पंधरा दिवसांची मुदत ठेवली गेली आणि काम मागणाऱ्याला तारीख घातलेली पावती देण्याची तरतूद झाली.

प्रत्यक्षात ही मुदत सगळीकडे पाळली गेली असे मी म्हणत नाही. पण त्यातील तत्त्व पहा. माती खोदावयास आलेल्या माणसाचा वेळ मोलाचा आहे, त्याला ताटकळत ठेवता येणार नाही, त्याला तारीख दिली पाहिजे, हे या राज्याने मान्य केले. मग पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींना तेवढाही मान का नसावा? घमेले उचलणाऱ्याला पंधरा दिवस, आणि खडू उचलू पाहणाऱ्याला मुदतच नाही?

सरकारी भरतीचेही चित्र आपल्याला ठाऊक आहे. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. पुढे पवित्र पोर्टल निघाले. त्यासाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पहिली निवड यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. परीक्षा आणि यादी यांच्यामध्ये वीस महिने गेले. माझ्या वयाचे कित्येक डी.एड., बी.एड. झालेले तरुण या काळात दुकानावर बसले, रिक्षा चालवू लागले, कोणी पुण्याला गेले. त्यांना केव्हा काय होणार हे कळत राहिले असते, तर त्यांनी आपले आयुष्य त्या हिशेबाने मांडले असते. जागा देणे सरकारच्या हातात नेहमीच असेल असे नाही. तारीख देणे मात्र असते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. ती या व्यासपीठावर नाही बोलावयाची, तर कोठे? आपल्या मुलाला एखाद्या ठिकाणाहून उत्तर आले नाही की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: नावामुळे तर नाही ना? हा प्रश्न निव्वळ मनाचा खेळ नाही. आपल्याच विदर्भातील, अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह याचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात. सवर्ण हिंदू नावांच्या मानाने दलित नावांना बोलावणे कमी आले आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. हा भेदभाव खाजगी नोकऱ्यांच्या पहिल्याच पायरीवरचा आहे.

पण यातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक, मौन हे भेदभावाला लपावयास फार सोयीचे ठिकाण आहे. जेथे कारण सांगावे लागत नाही, तेथे खरे कारण काय होते हे कोणालाच तपासता येत नाही. दुसरी, ज्या ठिकाणी भेदभाव मुळीच झालेला नाही, तेथेही मौनामुळे संशय उत्पन्न होतो. एखाद्या शाळेने खरोखरच अधिक योग्य उमेदवार निवडला असेल. पण तिने दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून आपला मुलगा आयुष्यभर समजत राहतो की आपले नावच आड आले. हा संशय माणसाला आतून पोखरतो आणि पुढचा अर्ज करण्याची उमेद काढून घेतो.

आणि म्हणूनच आपली जबाबदारी दुप्पट आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी जो निकाल दिला, त्यात शिक्षक व कर्मचारी नेमणे हा त्या हक्काचा भाग मानला आहे. आपला शिक्षक आपण निवडू, असे आपण अभिमानाने सांगतो. मग निवडीचा हक्क आपला, तर ज्यांना निवडले नाही त्यांना तसे सांगण्याचे कर्तव्यही आपलेच आहे. बाहेरच्यांकडून आपण जो न्याय मागतो तो आधी आपल्या कचेरीत दिसला पाहिजे.

कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात सांगतो, कारण उमेदवारांचा त्याविषयी गैरसमज असतो. निवड यादीत नाव आले म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या शंकरसन दाश खटल्यात सांगितले. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की, सरकारला मनमानी करता येणार नाही. जागा न भरण्याचे कारण प्रामाणिक असले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेज प्रकाश पाठक खटल्यात हे तत्त्व पुन्हा मांडले आणि भरती सुरू झाल्यावर तिचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, हेही स्पष्ट केले. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. ज्या संस्थांचा बराचसा खर्च सरकारी अनुदानातून चालतो त्या या कायद्याखाली येतात, असे सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात ठरले. अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. निव्वळ खाजगी कंपन्या आणि विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत मात्र हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही.

परदेशात याबाबत पाऊल पडले आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून असा नियम आहे की, पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या, तर शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत, निर्णय झाला की नाही हे त्या उमेदवाराला कळविलेच पाहिजे. तिकडे कायदा करावा लागला याचा अर्थ हा रोग तिकडेही आहे. आपण कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्यापाशी सलामाचे उत्तर देण्याची शिकवण कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तेव्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी नम्रपणे काही सूचना ठेवतो.

पहिली: मुलाखतीच्या दिवशीच प्रत्येक उमेदवाराला निकालाची तारीख सांगावी. "कळवतो" असे न म्हणता "अमुक तारखेपर्यंत कळवतो" असे म्हणावे.

दुसरी: पंधरा दिवसांच्या आत निवड झालेल्या व न झालेल्या प्रत्येकाला पत्र जावे. निर्णय लांबला असेल तर तो लांबला आहे, एवढे तरी कळवावे. प्रतीक्षा यादीत कोणी असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

तिसरी: हे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे आणि जावक नोंदवहीत प्रत्येक पत्राचा क्रमांक पडावा.

चौथी: उमेदवाराने मागितल्यास त्याचा पाठ किंवा मुलाखत कोठे कमी पडली, हे एखाद्या जाणत्या शिक्षकाने त्याला तोंडी सांगावे. तो पुढच्या ठिकाणी तरी तयार होऊन जाईल.

पत्र फार मोठे नको. "आपण आमच्या शाळेत मुलाखतीस आलात, याबद्दल आभारी आहोत. या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. आपल्याला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा." एवढे पुरे आहे. यात वादाला जागा नाही आणि कोणाचा अपमानही नाही.

आता ज्या तरुण वाचकांच्या हाती ही स्मरणिका पडेल, त्यांना मोठा भाऊ या नात्याने दोन शब्द सांगतो. मुलाखत संपल्यावर उठण्यापूर्वी अदबीने विचारा, "साहेब, निकाल कोणत्या तारखेपर्यंत समजेल?" यात उद्धटपणा नाही. अर्जाची व प्रमाणपत्रांची प्रत जवळ ठेवा. दिलेली तारीख उलटली की एक लहानसे, सभ्य पत्र पाठवा. त्यालाही उत्तर आले नाही, तर ते दार बंद समजून पुढे चला. आणि मी केली ती चूक करू नका. कोणाच्या "कळवतो" वर विसंबून हातातले काम सोडू नका. उत्तर न येणे हा त्यांच्या कामातला दोष आहे, तुमच्या लायकीचा दाखला नव्हे.

बस स्थानकावरच्या त्या भेटीनंतर काय झाले, ते सांगून संपवितो. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून ती फाईल काढली. पंधरांपैकी एकीला मी समक्ष सांगितलेच होते. उरलेल्या चौदा जणांना मुख्याध्यापकांच्या परवानगीने पत्रे लिहिली, उशिराबद्दल माफी मागितली. एवढ्या उशिरा नकार वाचून लोक शिव्या देतील असे मला वाटले होते. तिघांची उत्तरे आली. तिघांनीही आभार मानले होते. त्यांतल्या उमरखेडच्या एका तरुणाने लिहिले होते, "सर, सहा ठिकाणी मुलाखती दिल्या. नाही म्हणून कळविणारे तुम्ही पहिलेच."

वाचकहो, हे वाचून मला आनंद व्हावयास हवा होता, पण झाला नाही. पाच महिने उशीर करणारा माणूसही ज्याला पहिला वाटतो, त्या तरुणाला बाकीच्या पाच ठिकाणी काय मिळाले असेल, याचाच विचार मनात आला. पुढच्या वेळी मुलाखती होतील तेव्हा आपल्या दारातून कोणीही उत्तरावाचून राहू नये, एवढी विनंती आपणा सर्वांना करून मी माझे भाषण संपवितो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.